लातूरला नवीन आलात? तेलाचं माप आधी समजून घ्या

बदली होऊन, मुलांच्या शिकवणीसाठी खोली करून किंवा लग्न होऊन जे लातूरला येतात, त्यांचं सुरुवातीला अडतं ते स्वयंपाकात. मी मूळची रत्नागिरीकडची, आता पुरती इथली झाले आहे. कोकणात नारळावर निभतं. इथं येसराची आमटी असो की झणझणीत रस्सा, तेलाचा अंदाज आला पाहिजे. घाण्यावरचं करडीचं तेल मिळतं किलोवर, आणि आपल्या हातात असतो चमचा.

घाण्यावर जाताना लिटरची बाटली नेऊ नका. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे लिटरभर तेल साधारण 910 ते 920 ग्रॅम भरतं. किलोभर तेल लिटरच्या बाटलीत मावत नाही, दीड लिटरचा डबा न्या. पिशवीतलं तेल लिटरवर असेल तर घाण्याच्या किलोच्या भावाशी ते सरळ ताडून पाहू नका. पिशवीवर ग्रॅमही छापलेले असतात, ते बघा.

आता स्वयंपाक. शेजारच्या काकू लोणच्याचं सांगतील, "किलोभर फोडीला पाव तेल घ्या." पाव म्हणजे 250 ग्रॅम. 15 मिलीच्या मोठ्या चमच्यात तेल पावणेचौदा ग्रॅम बसतं, म्हणजे पाव तेलाचे अठरा चमचे झाले. अदपाव असेल तर नऊ. 50 ग्रॅमला साडेतीन चमचे आणि वर थोडं. 5 मिलीच्या लहान चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास.

पण घरातला चमचा 15 मिलीचा असेलच असं नाही. पोह्यांचा चमचा तर प्रत्येक घरी वेगळा. म्हणून एकदाच एवढं करा: स्वयंपाकाच्या काट्यावर वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि आपल्या चमच्याने सपाट भरून दहा चमचे पाणी ओता. वजनाला दहाने भागा. पाण्याचं जितके ग्रॅम, तितकाच मिली तो चमचा. त्या आकड्याला 0.92 ने गुणलं की तेलाचे ग्रॅम मिळतात. मध आणि काकवी जड, त्यांना 1.4 ने गुणा. मोठ्या चमच्याला 21 ग्रॅम मध बसतो. मधाआधी चमच्याला तेलाचं बोट फिरवा, नाहीतर बराचसा चमच्यालाच चिकटून राहतो. दूध पाण्यापेक्षा जेमतेम तीन टक्के जड, तिथं हिशोब करत बसू नका.

खोलीवर राहणाऱ्या मुलामुलींकडे काटा नसतो. खोकल्याच्या औषधाचं रेषा असलेलं टोपण स्वच्छ धुऊन घ्या, त्यावर 5 आणि 10 मिलीच्या खुणा असतात. त्यात पाणी भरून आपला चमचा किती मिलीचा ते मोजता येतं.

तूप मात्र पातळ करूनच मोजा. इथल्या थंडीत ते घट्ट होतं, चमच्यावर ढीग बसतो आणि माप दीडपटीपर्यंतही जातं. वितळलेल्या तुपाचा मोठा चमचा साडेतेरा ग्रॅमचा धरा. करडीचं तेल थंडीत गोठत नाही, त्यामुळे बारा महिने एकच आकडा चालतो.