घोड्याच्या कानात काही ओतण्याआधी

घोडा मान झटकायला लागला, कान खांबाला घासू लागला, की मालकाचा पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. कोमट तेल, लसूण घालून कढवलेलं तेल, नाहीतर बैलासाठी आणून ठेवलेलं औषध. कुत्र्याचा कान आतून पिकतो तसा घोड्याचा सहसा पिकत नाही. घोड्याच्या कानाच्या बहुतेक तक्रारी बाहेरच्या पाळीवर असतात आणि त्या डोळ्यांना दिसतात. आत खरंच काही बिघडलं असेल आणि पडदा फाटलेला असेल, तर वरून ओतलेलं औषध थेट मधल्या कानात उतरतं. जेंटामायसिनसारखं औषध किंवा क्लोरहेक्सिडीनसारखं जंतुनाशक तिथे पोचलं तर ऐकू येणं आणि तोल, दोन्ही कायमचं जाऊ शकतं. म्हणून आधी बघायचं.

निरोगी कान कसा असतो

रोज खरारा करताना दोन्ही कानांवरून हात फिरवला की आजारी कान शोधावा लागत नाही, तो आपोआप हाताला लागतो. निरोगी घोड्याचे कान सतत हलत असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना वळू शकतात. आतली कातडी मऊ असते. तळाशी थोडा तपकिरी-काळपट चिकट मळ असतो, तो तसाच राहू द्या. आतले केस धूळ आणि चिलटं अडवतात. माळेगावच्या यात्रेत विक्रीला न्यायचं म्हणून काही जण ते मुळापासून कातरतात, आणि पुढचे दोन महिने घोडा चिलटांनी हैराण होतो. पाळीच्या कडेबाहेर आलेले केस फार तर कडेच्या रेषेत कापावेत.

मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. बाजारात कनौती, म्हणजे कानांची ठेवण, बघून भाव ठरतो तो यावरूनच. त्यात दोष काही नाही, मात्र अशा वळलेल्या कानात डोकावायला उजेड जास्त लागतो.

बघायची पद्धत

घोड्याच्या समोर उभं राहू नका. डाव्या खांद्याशी उभे राहा, मदतनीसानेही त्याच बाजूला मोहरकी (घोडा बांधायचा तोंडावरचा पट्टा) धरून थांबावं. हात मानेवरून हळूहळू वर न्या आणि कानाच्या मुळाशी उलटा तळवा टेकवून थोडं थांबा. घोड्याने मान खाली सोडली की पाळी अंगठा आणि दोन बोटांत सैल धरून किंचित बाहेर वळवा. टॉर्चचा उजेड तिरपा पाडा, थेट डोळ्यावर नको. मग दुसरा कान बघा. दोन्हींची तुलना केल्याशिवाय सूज, उष्णता किंवा लोंबणं नीट कळत नाही.

कान पिळून घोडा काबूत आणायची जुनी रीत आहे, ती मात्र कधीच वापरू नका. कूर्चा (कानातलं मऊ, लवचिक हाड) दुखावते, कानाची नस दुखावून कान कायमचा पडू शकतो, आणि एकदा पिळलेला घोडा पुढे लगामही सुखाने चढवू देत नाही.

कानाची नळी लांब असते आणि आत वळते. पडदा दिसायला दुर्बीण लागते, घोड्याला गुंगीही द्यावी लागते, तेव्हा ते काम डॉक्टरांचं. आपण उजेडात दिसतं तेवढंच बघायचं आणि पुसायचंही तेवढंच. काडीला कापूस गुंडाळून आत घातला तर मळ आणखी खोल दाबला जातो.

गोचीड

पावसाळ्यात आणि त्यानंतर कानात सर्वांत जास्त सापडते ती गोचीड. बारीक चिमट्याने तिला कातडीलगत धरायचं आणि न पिळता सरळ बाहेर ओढायचं. रॉकेल, विडीचा चटका, चुना यांपैकी काही नको. कातडी भाजते आणि गोचीड मरता मरता लाळ आत सोडते. काढलेली गोचीड नखावर चिरडू नका, काही जातींच्या गोचिडीतून माणसालाही ताप येतो. साबणाच्या पाण्याच्या डबीत टाका आणि जागेवर पोव्हिडोन आयोडीन लावा. आयोडीनची १० टक्क्यांची बाटली मिळते. तिच्यातलं १० मिली एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घातलं की फिक्या चहाचा रंग येतो, तेवढं पुरे. घट्ट द्रावणाने कातडी सोलवटते.

कानात खोल राहणारी काटेरी गोचीडही असते. तिची पिल्लं आठवडे, कधी महिनेही आतच काढतात. घोडा कान पाडून एका बाजूला डोकं झुकवतो आणि आतून मेणचट घाण येते. कधी अंगाचे स्नायू थरथरतात, पेटके येतात, घाम फुटतो, आणि सगळे पोटशूळ समजून पोटावर उपचार करत बसतात. पोटशुळासारखं दिसतंय पण लीद नेहमीसारखी पडतेय, तर एकदा कान बघाच. ही गोचीड गुंगी देऊन, कान धुऊन काढावी लागते. तिचे मोठे किडे घोड्यावर राहत नाहीत, भिंतीच्या भेगांत आणि लाकडी खांबांच्या फटींत राहतात. भेगा लिंपून चुना मारला नाही तर तीच गोचीड परत येते.

आता सगळ्यात घातक चूक. आपल्याकडे गोठा आणि घोडा एकाच आवारात असतो, आणि बैलांच्या गोचिडीसाठी आणलेल्या औषधाची बाटली तिथेच फळीवर असते. त्यात अमित्राझ असेल तर ते घोड्याला अजिबात लावू नका, पाण्यात मिसळूनही नाही. त्याने घोड्याच्या आतड्याची हालचाल थांबते, मोठ्या आतड्यात चारा अडकतो आणि घोडा दगावू शकतो. बैलाला ज्याचा काहीच त्रास होत नाही तेच औषध घोड्याला मारतं, म्हणून घटक वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. परजीवी मारणाऱ्या आयव्हरमेक्टिनचं गुरांसाठीचं इंजेक्शनही घोड्याला टोचू नये, टोचल्या जागी गंभीर सूज येते. घोड्याला तोंडातून द्यायची पेस्ट वेगळी मिळते.

गोचीड पडून गेल्यानंतर १० ते ३० दिवसांत ताप, पिवळट हिरड्या किंवा लालसर लघवी दिसली तर रक्त तपासून घ्या. गोचिडीतून रक्तातला परजीवी शिरलेला असू शकतो.

चिलटं, पांढरे चट्टे, खरूज

सकाळ-संध्याकाळ चिलटं पाळीच्या आत चावतात. रक्ताळलेल्या बारीक खपल्या दिसतात आणि घोडा लगाम चढवताना डोकं वर फेकतो. खपल्या खरवडू नका. मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पाच मिनिटं शेकून मऊ करा आणि सुटतील तेवढ्याच पुसा. एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा मीठ. कान कोरडा करून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, चिलटांना बसायला जागा राहत नाही. जेली रोज पुसून नवी लावायची, नाहीतर धूळ चिकटून आणखी खाज सुटते. लीद आणि ओला चिखल पागेपासून लांब टाकला, दिवेलागणीला घोडा आत घेतला आणि पंखा लावला तर त्रास बराच कमी होतो. चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही.

पाळीच्या आत पांढुरके, भुसा चिकटल्यासारखे चट्टे दिसले तर ती बुरशी नव्हे. तो विषाणूमुळे होणारा, चामखिळीच्या कुळातला प्रकार आहे आणि माश्या-चिलटांमुळे तो पसरतो. खाली गुलाबी कातडी असते, दुखत सहसा नाही. त्याला सोडून द्यावं. बुरशीची मलमं महिनोन्महिने चोळल्याने घोडा कानाला हात लावू देत नाही, बाकी फायदा काही नाही.

खरजेचा किडा क्वचित कानात शिरतो. घोडा सतत डोकं हलवतो, कान लोंबवतो, कानामागचे केस घासून जातात. खपलीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघून खात्री होते. त्यावर आयव्हरमेक्टिनची पेस्ट किलोमागे ०.२ मिलीग्रॅम, बहुधा दोनदा, १४ दिवसांच्या अंतराने देतात. गाभण घोडी, शिंगरू किंवा अशक्त घोडा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन अंदाजाने सांगू नका, टेप लावा. खांद्यामागचा छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३२३ किलो भरतं. मेंढपाळांची तट्टं यापेक्षा बरीच हलकी असतात, मोठ्या घोड्याचा डोस त्यांना देऊ नये.

जखमा आणि लग्नसराई

नवरदेवाच्या घोड्याला कलगी, गोंडे, आरसे लावलेली झूल असा थाट असतो. यातलं डोक्यावरचं ज्या दोऱ्यांनी बांधतात त्या कानाच्या मुळाशीच काचतात. घामाने ओली दोरी तासाभरात कातडी सोलते. दोरीऐवजी रुंद, मऊ पट्टा वापरा आणि दोन बोटं सहज आत जातील इतकाच आवळा. वरात संपताच आधी डोक्यावरचं उतरवा.

जखम झाली तर मिठाच्या पाण्याने धुवा. पाळी चिरली असेल, कूर्चा उघडी पडली असेल तर त्याच दिवशी टाके पडायला हवेत. उशीर झाला की कडा आकसतात आणि कान वाकडा भरतो. पाळीत रक्त साचून फुगा आला तर घरी सुई टोचू नका, तो पुन्हा भरतो आणि वर पिकतो. जखमेत अळ्या पडल्या तर टर्पेंटाइनमध्ये बुडवून घट्ट पिळलेला कापडाचा बोळा फक्त बाहेरच्या जखमेच्या तोंडाशी धरतात आणि वर आलेल्या अळ्या चिमट्याने काढतात. तो कानाच्या नळीत जाता कामा नये. बीडकडे सीताफळ मुबलक, त्यामुळे बियांची पूड भरायचा सल्ला हमखास मिळतो. ती पूड मान झटकताच डोळ्यात उडते आणि बुबुळाला जखम करते.

कानाची जखम किती का लहान असेना, धनुर्वाताची लस कधी दिली ते आठवा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. कान ताठ, एकमेकांकडे ओढलेले, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा पुढे आलेला आणि चालताना पाय लाकडासारखे: असं दिसलं तर घोडा अंधाऱ्या, शांत जागी बांधा आणि लगेच डॉक्टर बोलवा.

डीजे आणि फटाक्यांचं वेगळं. घोड्याला माणसापेक्षा वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात, साधारण ३३ किलोहर्ट्झपर्यंत, माणसाची हद्द २० ला संपते. कापसाचा लिंबाएवढा गोळा मऊ सुती कापडात बांधून, शेपटीसारखा दोरा बाहेर ठेवून कानात बसवता येतो. घोड्याला त्याची सवय लग्नाआधी आठवडाभर घरीच लावायची. दोन घातले तर दोन निघाले का, हे मोजून बघा. विसरलेला बोळा आत कुजतो आणि कानातून दुर्गंधी यायला लागते.

कान पडला असेल तर

एकच कान लोंबतोय आणि बाकी चेहरा ठीक, तर गोचीड, जखम, सूज शोधा. कानाबरोबर त्याच बाजूची पापणी मिटत नसेल आणि ओठ विरुद्ध बाजूला ओढला गेला असेल, तर चेहऱ्याची नस कानाच्या मुळाशी किंवा त्याहून आत बिघडली आहे. फक्त ओठ वाकडा, कान आणि पापणी चांगली, असं असेल तर दोष बहुधा मोहरकीच्या कडीचा असतो. घोडा गालावर पडून राहिला की कडी नसेवर रुतते. मोहरकी काढून दोन-चार दिवस विश्रांती दिल्यावर बरेच घोडे सुधारतात.

डोकं एका बाजूला कललं, चालताना झोक जातोय, कानाच्या मुळाशी दाबल्यावर घोडा चिडतो, चावताना घास पडतो, अशी लक्षणं असतील तर आतला कान किंवा त्याला लागून असलेल्या जिभेच्या हाडाचा सांधा बिघडलेला असू शकतो. हा घोडा बग्गीला जुंपू नका, रस्त्यावर कोसळेल. भिजवलेला कोंडा आणि मऊ हिरवा चारा द्या, कडबा नको. आजारी बाजूच्या गालात घास अडकून राहतो, तोंड धुऊन घ्या. मात्र कुत्रा चावल्याची शंका असेल किंवा घोडा अचानक पिसाळल्यासारखा वागत असेल तर तोंडात हात घालू नका.

पापणी मिटत नसेल तर डोळा सुकतो आणि बुबुळाला फूल पडतं. डॉक्टर येईपर्यंत साधं डोळ्याचं वंगण-मलम दर चार तासांनी लावा. स्टेरॉइड असलेले थेंब नकोत, बुबुळावर जखम असेल तर ते डोळा घालवतात.

गाठी आणि छिद्र

शिंगराच्या किंवा तरुण घोड्याच्या कानाच्या मुळाशी बारीक छिद्र आणि त्यातून चिकट पाणी, हे गळू समजून वर्षानुवर्षं प्रतिजैविकं दिली जातात. बऱ्याचदा आत चुकीच्या जागी उगवलेला दात असतो. क्ष-किरणात तो स्पष्ट दिसतो आणि शस्त्रक्रियेनेच जातो. कानाच्या मुळाशी चामखिळीसारखी वाढणारी गाठ दोरा बांधून किंवा डाग देऊन काढू नका. ती सार्कॉइड, म्हणजे घोड्याच्या कातडीवर येणारी चिवट गाठ, असेल तर छेडल्यावर दुपटीने वाढते. नुकऱ्या, म्हणजे पांढऱ्या, घोड्याच्या गुलाबी पाळीवर न भरणारा फोड असेल तर उन्हाने होणाऱ्या कर्करोगाची शंका धरून तुकडा तपासायला द्यावा. एप्रिल-मेच्या उन्हात असे घोडे दुपारी सावलीतच हवेत.

डॉक्टरांना बोलवताना कोणता कान, केव्हापासून, ताप किती, आणि कानात आधी काय टाकलं हे सांगा. शेवटचं लपवू नका. ताप गुदद्वारात मोजतात, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. दुर्बिणीने तपासणी, क्ष-किरण किंवा शस्त्रक्रिया लागली तर उदगीर आणि परभणी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारून घ्या.

कान बरा झाल्यावरही घोडा काही आठवडे हात चुकवतो. रोज हात मानेवर ठेवून थोडा थोडा वर न्यायचा, घोडा मान आवळायच्या आधीच मागे घ्यायचा आणि मूठभर भिजवलेले हरभरे द्यायचे. तोवर लगाम कानांवरून ओढू नका. डोक्यावरचा पट्टा पूर्ण सोडून मानेवरून चढवा.