बॉलस्क्रूवरचा सर्व्हो कसा ट्यून करावा

बॉलस्क्रू म्हणजे मोटरच्या फिरण्याने टेबल सरळ रेषेत सरकवणारा स्क्रू. त्याची मोटर चालवणाऱ्या सर्व्हो ड्राइव्हमध्ये तीन लूप, म्हणजे सतत मोजून चूक सुधारणारी नियंत्रणाची वर्तुळे, असतात: सगळ्यात आत करंटचा, मग वेगाचा, बाहेर पोझिशनचा. करंट लूप बहुधा मोटरनुसार आधीच लावलेला असतो, त्याला हात लावू नका. उरलेले दोन आतून बाहेर याच क्रमाने लावायचे. वेगाचा लूप ढिला ठेवून पोझिशन गेन (चुकीला किती जोराने प्रतिसाद द्यायचा ते प्रमाण) चढवला की टेबल हेलकावे खाते आणि दोष उगाच मोटरवर येतो.

पॅरामीटर उघडण्याआधी यांत्रिक भाग तपासा. टेबलाला डायल गेज लावून मोटर 0.01 मिमीच्या टप्प्यांनी पुढे आणि मग उलट चालवा. दिशा बदलल्यावर सुई जितके अंतर थांबून राहते तितका बॅकलॅश. सैल कपलिंग किंवा कोरडी रेल कुठलाही गेन दुरुस्त करत नाही, फक्त झाकतो. लिमिट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप चालतात ना, ते पाहा. अक्ष (मोटर, स्क्रू आणि टेबल मिळून) उभा असेल तर ब्रेकही तपासा.

आता इनर्शिया रेशो, म्हणजे स्क्रू आणि टेबल यांचा इनर्शिया (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध) मोटरच्या रोटरच्या किती पट आहे ते. समजा स्क्रू 16 मिमी व्यासाचा, 5 मिमी लीडचा (एका फेरीत टेबल इतके सरकते), 600 मिमी लांब आहे आणि टेबल 40 किलोचे. टेबलाचा इनर्शिया म्हणजे वजन गुणिले (लीड भागिले 2π) चा वर्ग, तो येतो सुमारे 0.25 किग्रॅ·सेमी². स्क्रूचा स्वतःचा 0.30. म्हणजे इथे टेबलापेक्षा स्क्रूच जड पडतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मोटरच्या रोटरचा 0.30 असेल तर रेशो साधारण 1.8. पाचपर्यंत काम सोपे जाते, दहाच्या वर गेलात तर मोटर किंवा लीड बदलायचा विचार करा.

टेबल मध्यावर आणा, इंटिग्रल (साठत गेलेली चूक भरून काढणारा भाग) जवळजवळ बंद ठेवा आणि वेगाचा गेन 10 ते 20 टक्क्यांनी वाढवत न्या. मोटर गुणगुणायला लागली की 30 टक्के मागे या. गुणगुण फार लवकर आली तर ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रिक्वेन्सी मोजून तिथे नॉच फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबणारा) लावा, मग पुन्हा गेन वाढवून पाहा. नॉच अंदाजाने लावू नका. चुकीच्या जागी बसला तर फेज मागे पडतो, म्हणजे प्रतिसाद उशिरा येतो, आणि अक्ष आणखी बिघडतो. त्यानंतर इंटिग्रल हळूहळू वाढवा. थांबल्यावर टेबल सावकाश मागेपुढे होत राहिले तर इंटिग्रल जास्त झाला आहे, किंवा रेलचे घर्षण.

पोझिशन गेनसाठी हिशोब सोपा आहे. वेगाच्या लूपची बँडविड्थ (किती झपाट्याने बदलणारी आज्ञा तो पाळू शकतो) 40 हर्ट्झ असेल तर 40 × 2π ÷ 4, म्हणजे सुमारे 60 प्रतिसेकंद ही वरची मर्यादा धरा. सुरुवात 30-40 पासून करा. फीडफॉरवर्ड (चूक होण्याची वाट न पाहता आज्ञेवरून आधीच दिलेला इशारा) नसताना फॉलोइंग एरर, म्हणजे आज्ञेच्या मागे राहिलेले अंतर, म्हणजे वेग भागिले गेन: 100 मिमी/सेकंद वेगाला 40 गेनवर टेबल 2.5 मिमी मागे राहते. ही चूक गेन ताणून नव्हे, वेगाच्या फीडफॉरवर्डने कमी करा. 70 टक्क्यांपासून वर जा, थांबताना ओव्हरशूट (ठरलेल्या जागेच्या पुढे जाणे) दिसला की थोडे उतरा.

शेवटी खऱ्या वजनासह, खऱ्या प्रवेगाने, रेलच्या दोन्ही टोकांना चाचणी घ्या. टेबलाला जोडलेला नट जागा बदलतो तशी स्क्रूची ताठरता बदलते. मध्यावर शांत असलेला अक्ष टोकाला गुणगुणला तर त्या टोकाला चालणारा गेनच कायम ठेवा.