जुना फोटो, चौकटींचा कागद

जुन्या फोटोवरून चित्र काढायला शिकायचं असेल, तर मूळ फोटोला पेन्सिल लावू नका. मोबाइलवर त्याचा फोटो घ्या, काँट्रास्ट थोडा वाढवा आणि कृष्णधवल प्रिंट काढा. प्रिंट ९ बाय १३ सेंटिमीटरची असेल, तर तिच्यावर १ सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि ए-फोर कागदावर २ सेंटिमीटरच्या. चित्र बरोबर दुप्पट होतं. भिंतीवर मोठी चित्रं रंगवणारे पेंटरही असंच करतात, तेव्हा ही लबाडी आहे असं मनात आणू नका. कागदावरच्या रेघा मात्र अगदी हलक्या हाताने. दाबून आखल्या तर खोडताना कागद खरवडला जातो.

मग एका वेळी एकच चौकट. नाक काढतोय हे विसरा. रेघ चौकटीत कुठून शिरते नि कुठून बाहेर पडते, एवढंच बघा. चेहरा फसतोय असं वाटलं की प्रिंट आणि कागद दोन्ही उलटे फिरवा. ओळखीचं माणूस दिसेनासं झालं की हात नेमका चालतो. डोळे बहुतेक जण फार वर काढतात. ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, केसांसकट मोजून!

छटांसाठी डोळे बारीक करून बघा. गडद भाग आधी २बी पेन्सिलने, अगदी काळे तेवढे तिच्याहून मऊ नि काळ्या ४बीने. आजीच्या नऊवारीची एकेक निरी गिरवत बसू नका, सावलीचे पट्टे उतरवले की लुगडं दिसतं. आणि लग्नातला ग्रूप फोटो सुरुवातीला नकोच. नखाएवढे चेहरे भल्याभल्यांना जमत नाहीत.