जुन्या मारुतीला फॉग लॅम्प लावताना वायरिंग कसं करावं

पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात धुकं उतरलं की जुन्या मारुती ८००चे मूळ दिवे तोकडे पडतात. फॉग लॅम्पची जोडी कुठेही मिळते आणि बसवणारा बरेचदा हेडलाइटच्या वायरीलाच जोड मारून मोकळा होतो. तसं करू देऊ नका. ५५ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर ९ अँपिअरच्या वर करंट ओढतात. तो भार मूळ वायरीवर आणि स्विचवर नको, म्हणून रिले लावायचा, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच.

चार पिनांचा रिले, होल्डरसह १५ अँपिअरचा निळा फ्यूज, गाडीसाठीची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, स्विच आणि थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) एवढं सामान पुरतं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात.

पॉझिटिव्हवरून निघणाऱ्या वायरीला वीतभराच्या आतच फ्यूज हवा. फ्यूज असतो वायर वाचवायला. तो दिव्यापाशी लावला, तर मधे कुठे वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तरी उडणार नाही आणि वायर पेटेल. फ्यूजमधून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून दोन्ही दिवे, ८५ बॉडीला, ८६ स्विचला. स्विचला सप्लाय पार्किंग लाइटच्या वायरीवरून घ्या. पार्किंग बंद केलं की फॉग लॅम्पही बंद, बॅटरी रात्रभर उतरत नाही. रिले पिना खाली करून बसवा, पाणी साचत नाही.

अर्थ, म्हणजे निगेटिव्ह वायरीचा बॉडीशी जोड, मात्र निगुतीने करा. जुन्या गाडीत दिवा मिणमिणतो तो बहुधा इथेच. रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत करा, थिंबल बोल्टखाली घट्ट आवळा, वर ग्रीस फासा.

वायरी पिळून काळी टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेने ती सुटते. जोड क्रिम्प करून (पकडीने दाबून) त्यावर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा. वायर डॅशबोर्डकडे नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायर कडेला घासू नये म्हणून बसवायचं कडं) हवंच.

निगेटिव्ह जोडून, इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर कुठलातरी जोड ढिला आहे. निगेटिव्ह बाजूही अशीच तपासा.

पुढे कधी फ्यूज उडाला तर त्या जागी २० चा पिवळा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी खुपसू नका. वायर कुठे सोलली आहे ते शोधा, आणि सुरुवात त्या ग्रोमेटपासून करा.