यांगॉनमध्ये बाहेर कुठे आणि कसं जेवावं

मोहिंगा हा म्यानमारचा सकाळचा पदार्थ. दुपारी एक वाजता तो शोधायला निघालात, तर गल्लीतली मोहिंगावाली केव्हाच पातेलं घासून घरी गेलेली असते. यांगॉनमधलं, म्हणजे जुन्या रंगूनमधलं खाणं असं घड्याळाला बांधलेलं आहे. शिवाय इथल्या बऱ्याच दुकानांत एक-दोनच गोष्टी मिळतात, पण त्या वर्षानुवर्षं हात बसलेल्या असतात. त्यामुळे हॉटेलांची यादी खिशात घेऊन फिरण्यापेक्षा कोणत्या वेळी कसल्या दुकानात शिरायचं, ते ठरवून घ्या.

निघण्याआधी

फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर देशाची स्थिती बिघडलेली आहे. भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना वाचूनच जायचं की नाही ते ठरवा. गेलात तर रोख पैसे जवळ हवेत. आपलं कार्ड चालेल या भरवशावर जेवायला बसू नका. डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत न्या; घडी पडलेली किंवा शाई लागलेली नोट लोक सरळ परत करतात. वीज वारंवार जाते, म्हणून रात्री गर्दी असलेलं, जनरेटर असलेलं ठिकाण निवडा. एप्रिलच्या मध्यावर थिंजान, म्हणजे बर्मी नववर्षाचा पाण्याचा सण असतो. तेव्हा सलग काही दिवस बहुतेक दुकानं बंद असतात. या लेखातल्या एखाद्या ठिकाणी मुद्दाम जायचं असेल, तर त्याच दिवशी सकाळी हॉटेलच्या माणसाला फोन करून बघायला सांगा.

पत्ता समजून घेणं सोपं आहे. इंग्रजांनी १८५२ नंतर आखलेल्या जुन्या शहरात अरुंद गल्ल्यांना नुसते आकडे आहेत आणि त्यांना महा बंदुला रोड, अनॉरथा रोड असे मोठे आडवे रस्ते छेदतात. नदीकडून वर जाताना गल्लीचे लोअर, मिडल आणि अपर असे तुकडे पडतात. टॅक्सीवाल्याला गल्लीचा आकडा आणि तुकडा दोन्ही सांगा, नाहीतर उन्हात उगाच पायपीट होते.

सकाळी सात ते नऊ: मोहिंगा

मुक्कामाच्या जवळच्या गल्लीत ज्या गाड्याभोवती बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर ऑफिसला निघालेले लोक बसलेत, तिथे बसा. मासा (बहुधा मागूर), गवती चहा, केळीच्या खुंटाचा गाभा आणि दाटपणासाठी डाळीचं किंवा भाजलेल्या तांदळाचं पीठ असा तो रस्सा तांदळाच्या शेवयांवर ओततात. उकडलेलं अंडं आणि डाळीची कुरकुरीत भजी वेगळी मागता येतात. भजी घ्याच. ती थोडी रश्श्यात भिजू द्यायची, थोडी कोरडी खायची. कोथिंबीर, लिंबू आणि तिखटाची भुकटी समोर असते, हवी तेवढी घाला.

नंतर चहाचं दुकान

इथे मात्र वेळ काढायचा. यांगॉनची चहाची दुकानं म्हणजे नाश्त्याचं हॉटेल, वाचनालय आणि धंद्याच्या बोलण्याची जागा, सगळं एकत्र. चहा दाट, दुधाचा आणि आटवलेल्या गोड दुधामुळे चांगलाच गोड असतो. नेहमीचा हवा असेल तर 'पोंमान', जास्त गोड आणि दुधाळ हवा तर 'चो सेइं', कडक हवा तर 'क्या सेइं' म्हणायचं. मराठी माणसाला पहिल्या दिवशी 'क्या सेइं'च मानवेल असं माझं मत आहे. टेबलावरच्या थर्मासमधला बिनदुधाचा फिकट चहा फुकट असतो, कितीही प्या.

बसल्याबरोबर न मागता समोसे, केक, तळलेल्या लांब पुऱ्यांची बशी येऊन पडते. दचकू नका. जेवढं खाल तेवढ्याचेच पैसे, उरलेलं मोजून परत नेतात. पोऱ्याला बोलवायला लोक ओठांनी मुका घेतल्यासारखा आवाज करतात. आपल्याला तो जमत नाही आणि करवतही नाही. हात वर केला तरी चालतं.

पोटभर नाश्ता हवा असेल तर पे ब्योक, म्हणजे उकडलेले वाटाणे, तंदूरमधल्या गरम नानबरोबर मागवा. पलाटा म्हणजे आपला परोठाच. तो वाटाण्यांबरोबरही मिळतो, नाहीतर साखर घालूनही. इंग्रजांच्या काळात रंगूनच्या वस्तीत निम्म्याहून जास्त लोक भारतीय होते, त्यांचा हा वारसा. मुंबईच्या हॉटेलांत 'खाऊ सुए' म्हणून जे मिळतं, त्याचं मूळ ओन्नो खाउस्वेही अशा दुकानांत सकाळी भेटतं. त्यात नारळाचं दूध आणि कोंबडी असते, पण दहा वाट्यांचा तो मुंबईतला थाट नसतो. ४९व्या गल्लीतलं लकी सेव्हन हे अशा दुकानांपैकी नावाजलेलं. पान्सोदान रस्त्यावरचं रंगून टी हाउस त्याच पदार्थांचं महागडं, वातानुकूलित रूप आहे. पोटाची धास्ती असणाऱ्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

दुपारी: भाताचं दुकान

बर्मी माणसाचं खरं जेवण हेच आणि ते साडेअकरा ते एकमध्ये उरकावं. कालवणं सकाळीच शिजवून ठेवलेली असतात, उशिरा गेलं की चांगली संपतात. मेन्यूकार्डाची वाट बघत बसू नका. उठून काउंटरपाशी जा, पातेल्यांकडे बघा आणि बोट दाखवा. माणशी एक कालवण पुरतं, कारण भाताबरोबर आंबट रस्सा, कच्च्या आणि उकडलेल्या भाज्यांचं ताट आणि न्गापीची चटणी आपोआप येते. न्गापी म्हणजे आंबवलेल्या मासळीचा किंवा कोळंबीचा लगदा. वास उग्र आहे, पण काकडीला किंचित लावून खाऊन बघावी.

कालवणावर तेलाचा जाड तवंग असतो. मसाला परतून तेल सुटल्याशिवाय कालवण झालं असं इथे मानत नाहीत, शिवाय त्या थराखाली ते दिवसभर टिकतं. तेल सगळं भातावर घ्यायची सक्ती नाही, चमच्याने बाजूला सारा. आंबट रस्सा किंवा परतलेली चिन बाउंग ओळखीची लागेल, ती आपली अंबाडी. इथे बहुधा कोळंबी घालून करतात.

अनेकांचं एकत्र जेवण असेल तर पहिला घास टेबलावरच्या वडीलधाऱ्यांच्या ताटात वाढण्याची रीत आहे. यजमानांच्या आजी बसल्या असतील, तर तेवढं लक्षात ठेवा.

ठिकाणं: २९व्या गल्लीतलं दनुप्यू डॉ सॉ यी जुनं आणि साधं. प्यिदाउंगसू येइक्ता रस्त्यावरचं फील म्यानमार फूड मोठं, पातेल्यांची रांग लांबलचक. पहिल्यांदा जाणाऱ्याला निवड करायला तेच सोयीचं. बिर्याणी, म्हणजे इथली दानबाउक, खायची तर अनॉरथा रोडवरचं निलार.

शाकाहारी असाल तर

खरी कसोटी इथे आहे. भाजीतही सुकी कोळंबी, मासळीचं पाणी किंवा न्गापी असते आणि वाढणाऱ्याच्या मते ते मांसात मोडत नाही. त्यामुळे 'अथा मसा बू', म्हणजे मी मांस खात नाही, एवढं सांगून भागत नाही. 'थे-था-लू' हा शुद्ध शाकाहारासाठीचा शब्द बर्मी लिपीत फोनवर लिहून घ्या आणि दाखवा. जुलै ते ऑक्टोबर या बौद्ध वर्षावासात बरेच लोक स्वतःच मांस सोडतात, तेव्हा असं जेवण मागणं सोपं जातं.

थोक म्हणजे हाताने कालवलेली कोशिंबीर, हा तुमचा मुख्य आधार. लाफे थोक आंबवलेल्या चहाच्या पानांची: तळलेल्या डाळी, शेंगदाणे, तीळ, लसूण, टोमॅटो, कोबी. सुकी कोळंबी नको म्हणून आधीच सांगा. चहाच्या पानांमुळे झोप उडते, म्हणून ती दुपारीच खावी. आल्याची आणि कुस्करलेल्या समोशाची थोकही झकास लागते.

दुसरा आधार शान लोकांचं, म्हणजे म्यानमारच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातल्या लोकांचं खाणं. त्यांचं टोफू सोयाबीनचं नसून डाळीच्या पिठाचं असतं. तोहू न्वे हा त्याचाच गरम, पातळ प्रकार. शेवयांवर ओतलेलं सैलसर पिठलंच समोर आल्यासारखं वाटतं. वरून कोंबडी किंवा डुकराचं मांस घालू नका, एवढं बजावा. ३४व्या गल्लीत सुले पॅगोड्याजवळचं ९९९ शान नूडल हाउस यासाठी प्रसिद्ध. जागा अगदी लहान आहे, त्यामुळे ऐन जेवणाच्या वेळी थांबावं लागेल. दोन्ही जमलं नाही तर अनॉरथा रोडच्या आसपास दक्षिण भारतीय हॉटेलं आहेत, डोसा तिथे 'तोशे' नावाने मिळतो.

संध्याकाळी: १९वी गल्ली

चिनी वस्तीतली ही गल्ली महा बंदुला आणि अनॉरथा रोडच्या मधल्या भागात अंधार पडताना जागी होते. दुकानाबाहेर काड्यांवर ओवलेली भेंडी, मशरूम, टोफू, कोळंबी, मांस मांडलेलं असतं. टोपलीत आपल्याला हव्या त्या काड्या टाकायच्या, माणूस भाजून आणतो. भाव आधी विचारा, विशेषतः अख्ख्या माशाचा. भाजण्याची जाळी सगळ्यांची एकच असते, हे कडक शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. कच्चं मांस उघड्यावर असतं, म्हणून लवकर जा आणि नीट भाजून मागा.

बिअरचा ब्रँडही इथे साधी गोष्ट राहिलेली नाही. म्यानमार बिअर लष्कराच्या मालकीच्या कंपनीची असल्यामुळे २०२१ पासून अनेक स्थानिक लोक ती पीत नाहीत. सोबत कोणी बर्मी असेल तर काय मागवायचं ते त्यालाच ठरवू द्या. राजकारणावर मात्र आपण होऊन विषय काढू नका. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय ते त्याला माहीत नसतं आणि त्याचा त्रास तुम्हाला नाही, त्याला होतो.

रस्ते लवकर ओस पडतात आणि संचारबंदीचे नियम बदलत असतात. तेव्हा नऊच्या सुमारास बिल मागा ('शीं मे' म्हटलं की समजतं) आणि गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी शोधण्याऐवजी बसल्या जागेवरूनच ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपवर बोलवा.