वीज गेल्यावर वर्ड फाईल उघडेना: माझा अनुभव

रत्नागिरीत पावसाळ्यात पेनड्राइव्हवर सेव्ह होत असतानाच वीज गेली. त्यानंतर आंबा बागेच्या हिशोबाची डॉकएक्स फाईल उघडेना. आकार दिसतो, पण वर्ड म्हणतं, मजकूर वाचता येत नाही.

वर्डमधलं फाईल दुरुस्तीचं ‘ओपन अँड रिपेअर’ फसलं, वर्डसारख्याच लिब्रेऑफिस प्रोग्रॅमनेही हात टेकले. दोन दिवस जीव टांगणीला.

आधी फाईलची प्रत संगणकावर घ्या. मूळ फाईलला हात लावू नका. प्रत नोटपॅडमध्ये उघडा. अगदी सुरुवातीला रोमन ‘पीके’ दिसलं तर आशा आहे, कारण डॉकएक्स म्हणजे मुळात झिपच, म्हणजे अनेक फाईली दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं. नुसती मोकळी जागा दिसली तर आत शून्यंच उरलीत, जुनी प्रत शोधा.

नोटपॅड सेव्ह न करता बंद करा. प्रतीचं एक्स्टेन्शन (नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग) झिप करा, झिप फाईली हाताळणाऱ्या विनरार प्रोग्रॅममध्ये ती निवडून दुरुस्तीसाठी ऑल्ट+आर दाबा, प्रकार झिप ठेवा. ‘रीबिल्ट’ने सुरू होणारी नवी फाईल तयार होते. झिपमधली फाईलींची यादी अगदी शेवटी लिहिली जाते. लिहिणं मध्येच तुटलं की ती राहून जाते, आणि विनरार ती पुन्हा बांधतो. आता एक्स्टेन्शन परत डॉकएक्स करून उघडा.

तरीही अडली, तर त्या झिपमधली ‘वर्ड’ फोल्डरातली डॉक्युमेंट.एक्सएमएल बाहेर काढून नोटपॅडमध्ये उघडा. टॅगांच्या गर्दीत आकडे आणि मजकूर जसेच्या तसे मिळतात.