दुकान पुन्हा उघडताना या चुका टाळा

कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये दोन महिने बंद असलेलं शटर वर केलं की पहिल्या दिवशी सगळा जोर फवारणीवर असतो. पायरी धुतली, कडी पुसली, दारात सॅनिटायझर ठेवला की झालं, असं वाटतं. 2020 ला आम्हीही तेच केलं. बेळगावच्या शहापुरातलं आमचं साड्यांचं दुकान खोल आहे, पुढे दार आणि मागे भिंत. कोरोना मुख्यतः श्वासातून, कोंदट जागेतल्या हवेतून पसरतो, आणि नेमका त्याचाच विचार आम्ही केला नव्हता. उलट काउंटरला प्लास्टिकचा पडदा लावून होती नव्हती ती हवाही अडवली.

पुढच्या वर्षी मागच्या भिंतीतला झरोका साड्यांच्या गठ्ठ्यांमागून मोकळा केला आणि तिथे एक्झॉस्ट फॅन बसवला. तुमच्या दुकानात हवा कुठे साचते हे बघायला अगरबत्ती पुरते. धूर जिथे घुटमळतो, तिथे गिऱ्हाइकाला बसवू नका. एसी लावायचाच असेल तर दार उघडं ठेवून लावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दारात ताप मोजणाऱ्या थर्मल गनवरचा भरवसा. साड्या दाखवणारा आमचा पोरगा तीन दिवस तापाची गोळी घेऊन येत होता. गोळीने ताप उतरलेला, त्यामुळे दारात गन काहीच दाखवायची नाही. शेवटी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "अण्णा, आधीच पगार अर्धा मिळालाय, आणि खाडे कसे करू?" मला फार लागलं ते. चूक त्याची नव्हती, माझी होती. आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापणार नाही, हे दुकान उघडायच्या आधीच स्पष्ट सांगून ठेवा. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनही माणूस इतरांना लागण देऊ शकतो, म्हणून सगळे ठणठणीत दिसले तरी मास्क नाकावर हवाच. गिऱ्हाइकाशी बोलताना तो खाली ओढायची सवय मोडायला आम्हाला महिना लागला.

आपल्याकडे जूनमध्ये आणखी एक अडचण येते, ती पावसाची. सहा फुटांवर आखलेले चुन्याचे गोल पहिल्याच सरीत वाहून जातात आणि छत्र्या मिटून सगळे पत्र्याखाली एकमेकांना चिकटून उभे राहतात. ऑइलपेंटने गोल काढा, आणि पावसात दोन-तीन गिऱ्हाइकांनाच आत घ्या. बाकीच्यांना फोन नंबर घेऊन वेळ द्या. खानापूरहून आलेल्या काकींना तासभर ताटकळत ठेवण्यापेक्षा हे बरं.

नियमांचा घोळ तर सीमाभागाच्या पाचवीलाच पुजलेला. 2021 च्या जूनमध्ये कर्नाटकातल्या बऱ्याच जिल्ह्यांना सवलत मिळाली, पण बेळगाव कडक निर्बंधांच्या 11 जिल्ह्यांत राहिलं. तेव्हा मोबाईलवर कोल्हापूरचे आदेश फिरत होते आणि टीव्हीवर मुंबईच्या बातम्या होत्या. असे निर्बंध लागले की आपल्याला लागू होतो तो बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. तो कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर शेजारच्या दुकानदाराकडून वाचून घ्या, अंदाजाने वेळ ठरवू नका. दुकानातला फलक मात्र दोन्ही भाषांत लावा. आणि महाराष्ट्रातल्या चंदगडच्या गिऱ्हाइकांना निघायच्या आधीच फोन करायला सांगा, म्हणजे सीमेवरच्या शिनोळीच्या नाक्यावरून परत फिरायची वेळ येणार नाही.

पुसायच्या औषधाचं थोडक्यात. हायपोक्लोराइटच्या बाटलीवर 4 टक्के लिहिलं असेल तर एका वाटीला तीन वाट्या पाणी घाला, म्हणजे 1 टक्क्याचं द्रावण होतं. रोज ताजं करा. त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. माणसांवर ते फवारू नका, आणि साड्यांपासूनही लांब ठेवा. एका थेंबाने रंग उडतो.

सकाळी हाताला सॅनिटायझर चोळून लगेच देवापुढे काडी ओढू नका. त्यातलं अल्कोहोल पेट घेतं आणि ती ज्वाळा उजेडात धड दिसतही नाही. साबणाने हात धुवा, पुसा, दिवा लावा आणि मग बाटली दाराशी नेऊन ठेवा.